दोन रेघांची बादली

मित्रांनो, माझ्याकडे बघून मी कोण हे तुम्हाला चटकन ओळखता येणार नाही. मी रंगाची बादली आहे, वीस लिटरची. एकेकाळी पांढरीशुभ्र होते. आता अंगावर इतक्या घरांचे रंग वाळून बसलेत की माझा स्वतःचा रंग कोणता होता, हे सांगितल्याशिवाय कुणाला पटत नाही. माझ्या पोटावर एक चित्रही होतं. सुंदर बंगला, त्याच्यापुढे हसणारे आईबाबा आणि त्यांची मुलगी. ब्लिचच्या पाण्यानं आधी मुलगी पुसली गेली, मग आईबाबा गेले, आता बंगल्याचं नुसतं छप्पर उरलंय. मी थकले आहे, हे आधीच सांगून टाकते. मध्येच माझा सूर चिडका वाटला तर मनावर घेऊ नका.

जन्म कारखान्यातला. साच्यातून बाहेर पडले तेव्हा अंग गरम होतं, एवढंच आठवतं. मग माझ्यात फिकट पिवळा रंग भरला, वर झाकण ठोकून बसवलं आणि टेम्पोत घालून जुन्या जालन्यातल्या एका दुकानात आणून ठेवलं. तिथे दोन महिने माझ्या डोक्यावर आणखी तीन बादल्या होत्या. तेव्हा मला वाटायचं, यापेक्षा जास्त ओझं आयुष्यात दुसरं काय असणार! नवी होते, अक्कल नव्हती.

एके दिवशी बदनापूरच्या एका मास्तरांनी आम्हा चौघींना विकत घेतलं आणि त्यांच्या घरी मला महेमूदभाई भेटले. जुन्या जालन्यात राहणारे हे पेंटर. उंच, सडपातळ, खिशात कायम एक घडी घातलेलं फडकं. आठ दिवसांत घर रंगलं आणि आम्ही रिकाम्या झालो. आता आमच्याकडे एक रीत आहे. रंग संपला की रिकामी बादली कुणाची, यावर घरमालक आणि पेंटर यांच्यात थोडी ओढाताण होतेच. मास्तरांच्या बायकोला चारही बादल्या हव्या होत्या. महेमूदभाईंनी आमच्या कड्या एकेक करून हलवून बघितल्या आणि म्हणाले, "वैनी, तीन तुम्ही ठेवा. ही एक मला द्या. हिची कडी पक्की हाय."

पक्की कडी! त्यापायी मी कामाला जुंपले गेले. माझ्या तीन बहिणींपैकी एकीत तांदूळ राहतो, एकीत मास्तरांचे मोजे भिजतात आणि तिसरीत कढीपत्त्याचं झाड लावलंय. ती अंगणात सावलीला बसलेली असते. खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटतो.

घरी नेल्यावर महेमूदभाईंनी खिळा गॅसवर लालभडक तापवला आणि माझ्या आतल्या बाजूला दोन रेघा ओढल्या. खूप दुखलं. खालची रेघ पाण्याची. तिच्यावर चार बोटं सोडून दुसरी, ती ब्लिचची. आधी खालच्या रेघेपर्यंत पाणी, मग वरच्या रेघेपर्यंत ब्लिच. कधीही उलटं नाही, कारण ब्लिचवर पाणी ओतलं की शिंतोडे तोंडावर येतात. पाच मापांत एक माप ब्लिच. बारा वर्षं झाली, त्या रेघा अजून तशाच आहेत. माणसाचं हस्ताक्षर बदलतं, पण माझ्या रेघा बदलल्या नाहीत.

हे सगळं कशासाठी, तर भिंतींसाठी. पावसाळा सरला की घरांच्या बाहेरच्या भिंती बघा. उन्हाच्या बाजूच्या कोरड्या ठणठणीत असतात. पण उत्तरेची भिंत, टाकीच्या ओघळाखालची भिंत, दोन घरांच्या बोळातली भिंत काळवंडते. ती बुरशी असते, जिवंत असते. लोकांना घाई फार. म्हणतात, मारा वरून रंग. मारला तर चार-सहा महिन्यांत नव्या रंगातून काळे ठिपके पुन्हा डोकं काढतात आणि शिव्या पेंटरला पडतात. महेमूदभाई तसं करायचे नाहीत. आधी माझ्यात ब्लिच कालवायचं, भिंतीला लावायचं, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, मग ब्रशनं घासून स्वच्छ पाण्यानं धुवायचं. भिंत दोन दिवस सुकली की मगच रंग. माझ्यातलं पाणी लागलं की काळी भिंत डोळ्यांदेखत उजळत जायची. घरची माणसं म्हणायची, "वा पेंटर, जादू हाय तुमच्या हातात!" हातात! बादलीचं नाव आजवर कुणी घेतलेलं नाही. असो.

पण त्या जादूची किंमत महेमूदभाईंच्या नाकानं मोजली. तरुणपणी त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. बंद जिन्यात, उघड्या तोंडानं, वाकून वाकून पंचवीस वर्षं त्यांनी ब्लिच कालवलं. हळूहळू वास येईनासा झाला. हे त्यांच्या बायकोला, मदिनाबींना कळलं ते असं. एकदा गॅसवर वांग्याची भाजी करपून घरभर धूर झाला. त्या अंगणातून धावत आल्या तर महेमूदभाई गॅसशेजारीच बसून शांतपणे ब्रश साफ करत होते. त्या दिवशी त्या रडल्या. महेमूदभाई हसले, पण त्यांना मनातून फार लागलं होतं. मी तिथेच दारामागे होते, मला दिसलं.

सात वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली दैवशाला आली. त्याआधी ती बांधकामावर वाळूची घमेली वाहायची. अंगानं बारीक, पण शिडीवर चढली की उतरायचं नाव नाही. बाईमाणूस भिंत रंगवते म्हणून लोक थांबून बघायचे, काहीबाही बोलायचे. ती ब्रश न थांबवता म्हणायची, "बघा, बघा, फुकट हाय." मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. ती मला रोज आतून-बाहेरून धुऊन उपडी ठेवायची. तोपर्यंत मी कधी उपडी झोपले नव्हते.

तिला पहिल्यांदा ब्लिचचा डबा उघडताना पाहून महेमूदभाईंनी तिचा हातच धरला.

"थांब. आधी हवा बघ."

"हवा काय बघायची, चाचा?"

त्यांनी चिमूटभर माती उचलून हळूच सोडली. माती जिकडे उडाली तिकडे बोट केलं. "हवा तिकडं चालली. मंग आपण हिकडं उभं राह्यचं. हवा पाठीवर पाहिजे, तोंडावर न्हाई. माझं नाक गेलं ते गेलं. तुझं जाऊ देणार न्हाई मी. बिलकुल न्हाई."

आणि शब्द त्यांनी पाळला, मित्रांनो. सहा वर्षं पाळला. कालवायचे ते स्वतःच. दैवशालाला दहा पावलं लांब, वारा येतो त्या बाजूला उभी करायचे, नाकातोंडाला ओढणी घट्ट बांधायला लावायचे. कालवून झालं की काडीनं ढवळत विचारायचे, "कसा हाय?" ती ओढणी जरा सैल करून लांबूनच वासाचा अंदाज घ्यायची. कधी म्हणायची, "लई तेज झालंय चाचा, पाणी वाढवा." कधी म्हणायची, "बराबर." रेघा असताना विचारायची गरज नव्हती. पण ब्लिचचा डबा कधी ताजा असतो, कधी शिळा, आणि ते आता त्यांच्या नाकाला कळत नव्हतं. तिच्या "बराबर"वर त्यांचा माझ्या रेघांपेक्षा जास्त विश्वास होता. याचा मला थोडा रागही यायचा.

मागच्या वर्षी दसरा झाल्यावर आम्ही मंठ्याला गेलो. काम तातेरावांकडे होतं. तातेराव कापूसवाले, शिवाय मोसंबीची बाग. तीन वर्षांपूर्वी बांधलेलं घर चांगलं होतं, पण उत्तरेची भिंत टाकीच्या ओघळानं खालपर्यंत काळी झाली होती. लेकीचा साखरपुडा सहा दिवसांवर आलेला. तातेराव सकाळपासून भिंतीपुढे येरझाऱ्या घालत होते.

"महेमूदभाई, जल्दी करा. पाहुण्यांनी ही भिंत बघितली तर माझी काय इज्जत राह्यली?"

"होतं ना, भाऊ. आज धुतो, दोन दिवस सुकू द्या, मंग रंग."

"दोन दिवस! काहीतरी तेज औषध मारा की. आम्ही कपाशीवर मारताना एका औषधावर भागवीत न्हाई. दोन-तीन मिळवावी लागतात, तवा कुठं मावा मरतो."

महेमूदभाई नुसते हसले. त्यांनी तेव्हा हसायला नको होतं, बसून समजावून सांगायला हवं होतं. पण इतकी वर्षं लोकांचं असलं बोलणं ऐकून ऐकून तेही थकले होते. मी त्यांना दोष देत नाही.

त्या दिवशी दैवशालाच म्हणाली, "चाचा, आज मी कालवते. सहा वर्षं झाली बघून राह्यले." महेमूदभाईंनी हातमोजे काढून तिच्यापुढे धरले. मग मान हलवली आणि यावेळी ते स्वतः दहा पावलं लांब जाऊन उभे राहिले. तिनं माती सोडून हवा पाहिली. हातमोजे घातले, ओढणी बांधली. पाणी खालच्या रेघेपर्यंत, ब्लिच वरच्या रेघेपर्यंत. एक थेंब सांडला नाही. ढवळलं आणि झाकण ठेवलं. तिचे डोळे असे चमकत होते की मलाही बरं वाटलं. "बराबर?" महेमूदभाईंनी विचारलं. "बराबर," ती म्हणाली. मग ते शिडी लावून मीटरच्या पेटीवर प्लास्टिक बांधायला वर चढले आणि ती तुळजाबाईंच्या मोगऱ्याला पाणी मारायला कोपऱ्यापलीकडे गेली. तुळजाबाई म्हणजे तातेरावांची बायको. ब्लिच उडलं तरी झाड जळू नये म्हणून ते आधी भिजवून ठेवायचं असतं.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली एकटी उरले. तातेराव आले. त्यांनी झाकण उचलून आत डोकावलं.

"हे तर नुसतं पाणीच दिसून राह्यलं," ते पुटपुटले.

ते आत गेले आणि एक बाटली घेऊन आले. मंठ्यात बोअरचं पाणी खारं. न्हाणीघरातल्या फरशीवर, नळांवर पांढरे थर चढतात. ते काढायला लोक दारावर येणाऱ्या फेरीवाल्याकडून अ‍ॅसिड घेतात आणि कुठल्यातरी थंड पेयाच्या जुन्या बाटलीत भरून ठेवतात. तीच ती बाटली. मला अ‍ॅसिड ठाऊक होतं. एकदा महेमूदभाईंनी एका घरमालकावर ओरडून त्याच्या हातातली बाटली काढून घेतली होती. ब्लिचला अ‍ॅसिड भेटलं की त्यातून विषारी वायू सुटतो. पण मी काय करणार? बादलीला तोंड आहे, ते फक्त भरून घ्यायला. त्यांनी अर्धी बाटली माझ्यात रिकामी केली. पोटात फसफसलं. तातेरावांनी खोकून तोंड बाजूला केलं, "आता तेज झालं," असं म्हणाले, झाकण घट्ट बसवलं आणि मंडपवाल्याचा फोन आला म्हणून रस्त्याकडे गेले. त्यांना वाईट करायचं नव्हतं. त्यांना मदतच करायची होती, हे मी आजही सांगेन.

दैवशाला हातात प्लास्टिकचा मग घेऊन आली. कालवायचं काम झालं होतं, म्हणून ओढणी तिनं खाली ओढली होती. तिनं वाकून झाकण काढलं.

पिवळट हिरवा धूर थेट तिच्या तोंडावर आला. ती ओरडूही शकली नाही. हातातला मग पडला, ती गळा धरून तिथेच माझ्याशेजारी बसली. तो आवाज ऐकून महेमूदभाईंनी वरून पाहिलं आणि भराभर उतरले. त्यांना वाटलं, तिला ऊन लागलं. "दैवशाला, काय झालं?" म्हणत ते माझ्यावर वाकले. दुसरा कुणी असता तर त्या वासानं चार पावलं मागे उडाला असता. त्यांच्या नाकानं त्यांना काहीच सांगितलं नाही. ते माझ्यावर वाकूनच तिला उचलत होते, मोठमोठे श्वास घेत होते. डोळे झोंबले तेव्हा कुठे त्यांनी माझ्यात बघितलं आणि त्यांना कळलं.

तिला काखेत धरून त्यांनी वाऱ्याच्या बाजूला, पार फाटकापर्यंत ओढत नेलं. तिथे थांबले असते तर कदाचित आज निराळं असतं. पण खिडकीच्या आत तुळजाबाई चहा करत होत्या. मी खिडकीखाली धुमसत होते. महेमूदभाई तोंडावर बाही धरून परत आले आणि त्यांनी मला लाथ मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी शेजारच्या मोकळ्या प्लॉटात गडगडत गेले आणि सगळं ओकून टाकलं. दगडावर आपटून माझी कड तडकली. मागे वळून पाहिलं तर महेमूदभाई भिंतीला हात लावून उभे होते. मग ते उभे नव्हते.

तातेराव धावत आले. बाटलीचं कळल्यावर त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनीच दोघांच्या डोळ्यांवर पाणी मारलं, दोघांना गाडीत घातलं आणि थेट जालन्याच्या दवाखान्यात आणलं. मी आणि शिडी मागाहून त्याच गाडीतून आलो. पुढचं दैवशालानं मला धुताना मदिनाबींना सांगितलं, म्हणून मला माहीत.

तिला दोन दिवसांत बरं वाटलं. महेमूदभाईंना आठ दिवस ऑक्सिजन लावावा लागला. बोलता येत नव्हतं. ती खाटेशी गेली की ते आधी बोटानं स्वतःच्या नाकाकडे खूण करायचे, मग तिच्या नाकाकडे. ती म्हणायची, "हाय चाचा, ठीक हाय." त्यांचा विश्वास बसायचा नाही. खरं म्हणजे तिचाही बसत नव्हता, कारण पहिले चार-पाच दिवस तिला कशाचाच वास येत नव्हता. ती घाबरली होती आणि सांगत नव्हती.

मग तातेराव पिशवीभर मोसंबी घेऊन आले. लेकीचा साखरपुडा आटोपून, तसेच नव्या सदऱ्यात. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. "मी विचारलं असतं तर, महेमूदभाई... एक शब्द विचारलं असतं तर..." एवढंच म्हणाले आणि रडले. महेमूदभाईंनी हात वर करून त्यांना बसायला सांगितलं. दैवशाला काहीतरी करायचं म्हणून मोसंबी सोलायला लागली. सालीत नख रुतलं आणि ती थांबली.

"चाचा," ती म्हणाली, "मोसंबीचा वास येऊन राह्यला."

महेमूदभाईंनी डोळे मिटले. मदिनाबी म्हणाल्या, इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा शांत झोपले.

मित्रांनो, महेमूदभाई आता शिडी चढत नाहीत. जिना चढले तरी मध्ये थांबतात. काम दैवशालाच्या हातात आहे. तातेराव नवी बादली घेऊन आले होते, लाल, छान. दैवशालानं ती पाणी भरायला ठेवली आणि मलाच उचललं. "तडा रेघेच्या वर हाय," ती म्हणाली, "रेघेपर्यंत चालते अजून." संपली माझी कढीपत्त्याची आशा! तिनं माझ्यावर मोठ्या अक्षरांत लाल रंगानं लिहिलंय: यात फक्त ब्लिच. विचारल्याशिवाय काही ओतू नये. छपराच्या अगदी खाली लिहिलंय, जिथे पूर्वी ते हसणारे लोक होते.

पेंटरच्या स्वतःच्या घराची भिंत कायम शेवटी असते. महेमूदभाईंची मागची भिंत कित्येक वर्षं काळी होती. गेल्या रविवारी दैवशाला ती धुवायला आली. माती सोडून हवा पाहिली. महेमूदभाईंची खुर्ची उचलून दहा पावलं लांब, वाऱ्याच्या बाजूला ठेवली आणि त्यांना तिथे बसवलं. ओढणी बांधली. माझ्यात खालच्या रेघेपर्यंत पाणी ओतलं, काडीनं सहज एकदा ढवळलं आणि ब्लिचचा डबा आणायला वळली.

"दैवशाला," खुर्चीतून महेमूदभाई म्हणाले. ते जोरानं श्वास आत ओढत होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता. "आज मला वास येऊन राह्यला. थोडा, पण येऊन राह्यला. बराबर झालंय ना?"

ती थांबली. डब्याचं झाकण अजून उघडलंही नव्हतं.

"हो चाचा," ती म्हणाली. "एकदम बराबर."

माझ्यात नुसतं पाणी होतं, मित्रांनो. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या घरीही कुणीतरी भिंत धुवायला येईल. त्याच्या बादलीत त्यानं काय कालवलंय हे तुम्हाला दिसणार नाही, दिसेल ते पाण्यासारखंच. मदत करायची असेल तर आधी विचारा. एकच शब्द लागतो.